छब्बग्गिय आणि सत्तरसवग्गिय : विनयपिटकातील बालकांचे रुदन

बालकांना वळण कसे लावावे हा विषय निघाला की आपल्या विहारांतील प्रवचनांत, बालसंस्कार वर्गांत आणि श्रामणेर शिबिरांत जातककथांचा आधार घेतला जातो. विनयपिटकाचा आधार मात्र क्वचितच घेतला जातो. याचे कारण उघड आहे. जातके ही कथा असल्यामुळे सांगावयास सोपी आहेत, आणि दुर्गा भागवत यांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ती मराठी वाचकापर्यंत पोहोचली आहेत. विनयपिटक हा भिक्खूंचा कायदा. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून मराठी वाचकांस त्याची ओळख करून दिली असली, तरी उपासकांच्या नित्य वाचनात तो आजही येत नाही. या निवडीचा एक परिणाम असा झाला आहे की, मुलावर उगारलेल्या हाताला बौद्ध परंपरेची संमती आहे असे मानणारी मंडळी अधूनमधून भेटतात, आणि ती ‘तिलमुट्ठि जातका’कडे बोट दाखवितात.

प्रस्तुत लेखात या समजाची परीक्षा करण्याचा आमचा विचार आहे. या प्रश्नावर पाली वाङ्मयात दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज छडीला हिताचे नाव देतो. दुसरा आवाज मूल का रडत आहे असे विचारतो. दोन्ही आवाज परंपरेचेच आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्यांचे मोल सारखे नाही, आणि कोणत्या आवाजाला आपण प्रमाण मानावयाचे हे ठरविण्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे आमचे मत आहे.

तिलमुट्ठि जातक काय सांगते?

जातकट्ठकथेतील ही २५२ वी कथा. वाराणसीच्या राजाने आपल्या सोळा वर्षांच्या पुत्रास एकपदरी तळव्याच्या वहाणा, पानांची छत्री आणि हजार कार्षापण देऊन तक्षशिलेस धाडले. स्वतःच्या नगरात नामांकित आचार्य असताना मुलांना इतक्या दूर का पाठवीत, याचे कारणही कथाकार देतो : त्यांचा मद उतरावा, त्यांनी थंडी-ऊन सोसावयास शिकावे आणि लोकव्यवहार जाणावा. पुढे आचार्यांबरोबर स्नानास जाताना हा कुमार एका वृद्ध स्त्रीने वाळत घातलेल्या तिळांतून मूठभर तीळ उचलून खातो. तिसऱ्या दिवशी ती आक्रोश करते. आचार्य तिळांची किंमत देऊ करतात. ती म्हणते, किंमत नको, हा पुन्हा असे करणार नाही असे त्याला शिकवा. आचार्य दोन विद्यार्थ्यांकडून कुमाराचे दोन्ही हात धरवितात आणि बांबूच्या कांबीने त्याच्या पाठीवर तीन प्रहार करतात. कुमार लाल डोळ्यांनी आचार्यांना पायांपासून मस्तकापर्यंत न्याहाळतो आणि मनाशी वैर बांधतो. राजा झाल्यावर वध करण्याच्या हेतूने तो त्यांना बोलावितो. आचार्य तो प्रौढ होईपर्यंत जात नाहीत. गेल्यावर ते सांगतात की, त्या वेळी मी तुला आवरले नसते तर तिळांवरून तू खाऊवर, खाऊवरून घरफोडीवर आणि घरफोडीवरून वाटमारीवर गेला असतास. अमात्य या बोलण्यास दुजोरा देतात, राजा शांत होतो आणि आचार्यांना पित्याच्या स्थानी मानून पुरोहित नेमतो.

या कथेतील आचार्य म्हणजे बोधिसत्त्व होत, आणि अनार्य आचरण करणाऱ्यास दंडाने आवरणे हे शासन होय, वैर नव्हे, असा आशय गाथेतच आलेला आहे. त्यामुळे सारा दोष गद्य अट्ठकथेवर टाकून सुटका करून घेता येत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, कथेचे निदान एका कोपिष्ट भिक्खूविषयीचे आहे. कथा सांगितली आहे ती क्रोध आवरण्यासाठी. विद्यार्थ्यांस शिक्षा कशी करावी हा तेथील प्रश्नच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कथा जो निष्कर्ष काढते, त्याच्याशी तिचा स्वतःचा तपशील जुळत नाही. ज्याला तीन प्रहारांनी सुधारले असे आपण समजतो, तो मनुष्य मध्यम वयात, भर दरबारात, प्रहाराची ती जागा आजही दुखते असे सांगतो. त्याने विद्या पूर्ण केली ती वैर लपवून. आचार्यांचे प्राण वाचविले ते त्यांच्या वाणीने आणि मध्ये गेलेल्या वर्षांनी. छडीने ते केवळ धोक्यात आणले होते. शिवाय ते दोन विद्यार्थी! त्यांची नावे नाहीत, त्यांना कोणी काही विचारत नाही. सहाध्याय्याचे हात धरून ठेवण्याचे काम त्यांना नेमून दिले जाते आणि ते करतात. त्या दिवशी तक्षशिलेत तीळ चोरू नयेत हा धडा एकाला मिळाला असेल. आज्ञा झाली की दुसऱ्याच्या यातनेत हातभार लावावा, हा धडा दोघांना मिळाला.

एक शब्द, दोन दृष्टी

थंडी-ऊन सोसण्याचा जो उल्लेख वर आला, तो पाली भाषेच्या अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नये. जातकातला शब्द ‘सीतुण्हक्खम’ असा आहे. हेच पद विनयातील महावग्गात नकारार्थी रूपाने येते : वीस वर्षांखालील व्यक्ती शीत आणि उष्ण यांस ‘अक्खम’ असते. प्रसंग राजगृहातील उपाली नावाच्या मुलाचा आहे. (थेर उपालींशी त्याचा संबंध नाही.) आपल्या पश्चात हा कसा जगेल या चिंतेत असलेले त्याचे आईवडील एकेका विद्येचा विचार करतात. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणन शिकला तर छाती दुखेल, नाणी पारखावयास शिकला तर डोळे दुखतील. शेवटी त्यांना शाक्यपुत्रीय श्रमणांचे जीवन सुखाचे वाटते. उपाली आपल्या सोळा सोबत्यांना घेऊन येतो, आणि भिक्खू त्या सतरा मुलांना उपसंपदाही देऊन टाकतात. पहाटेपूर्वीच मुले उठतात आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागतात. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खू सांगतात. मुले रडतच राहतात, अंथरुणे भिजवितात, घाण करतात.

तथागत तो आवाज ऐकतात आणि आनंदास विचारतात की, हा मुलांचा आवाज कसला? त्यानंतर जे घडते ते आमच्या मते विनयातील अत्यंत मोलाच्या प्रसंगांपैकी एक आहे. रडणाऱ्या मुलांना कोणी दोष देत नाही. त्यांना कणखर करण्याची भाषा कोणी काढीत नाही. दोष ठेवला जातो तो त्यांना उपसंपदा देणाऱ्या प्रौढ भिक्खूंवर. नियम होतो तोही प्रौढांसाठी : वीस वर्षांखालील व्यक्तीस जाणूनबुजून उपसंपदा देऊ नये. लहान वयात काय सोसत नाही याची यादी दिली आहे. तीत थंडी, ऊन, भूक, तहान, डास यांच्याच ओळीत दुरुक्त आणि अप्रिय शब्दही घातले आहेत. कठोर बोलणे हा मुलाच्या दृष्टीने डास-सर्पांइतकाच खरा उपद्रव आहे, हे या यादीच्या कर्त्याला ठाऊक होते.

जातकाची दृष्टी म्हणते, मूल सोसू शकत नाही, म्हणून त्याला सोसावयास लावा. विनयाची दृष्टी म्हणते, मूल सोसू शकत नाही, म्हणून त्याच्यावर ते लादू नका. आम्ही ज्यांस दोन आवाज म्हटले ते हेच.

छब्बग्गियांची गटनिष्ठा

हीच सतरा मुले पुढे ‘सत्तरसवग्गिय’ या नावाने सुत्तविभंगात पुन्हा पुन्हा भेटतात. अचिरवती नदीत ती पाण्यात खेळत असताना राजा पसेनदी आणि मल्लिका यांच्या दृष्टीस पडतात, आणि पाण्यात खेळण्याविषयीचा नियम होतो. परंतु बहुतेक ठिकाणी ती भेटतात ती ‘छब्बग्गिय’ म्हणजे षड्वर्गीय भिक्खूंची शिकार म्हणून. हे सहा जण वयाने व अधिकाराने थोर, आणि एकमेकांस धरून असणारे. पाचित्तियाच्या ज्या नियमांच्या मुळाशी त्यांचे सत्तरसवग्गियांशी वर्तन आहे, ते एकत्र वाचले असता एक क्रूरतेचा पटच समोर येतो. ते लहानांना भेडसावतात (पाचित्तिय ५५). त्यांची पात्रे व चीवरे लपवून ठेवतात; लहान रडतात, मोठे हसतात (६०). एकास बोटांनी इतक्या गुदगुल्या करतात की, श्वास न मिळून तो मरण पावतो (५२). रागावून मारतात (७४), मारावयास हात उगारतात (७५). आणि शरीराला स्पर्शही न करता, तुमची उपसंपदा वीस वर्षांच्या आत झाली, तेव्हा तुम्ही खरे भिक्खूच नसाल, अशी शंका त्यांच्या मनात मुद्दाम पेरून त्यांना रडवितात (७७). ज्या नियमाने बालकांचे रक्षण व्हावयाचे, तोच त्यांच्या छळाचे साधन होतो.

सतरावे पाचित्तिय या सर्वांत बोलके आहे. सत्तरसवग्गिय एका मोठ्या विहाराची डागडुजी करून वर्षावासाची तयारी करतात. छब्बग्गिय ते पाहतात आणि काम पुरे होईपर्यंत वाट बघतात. मग म्हणतात, उठा, हा विहार आमच्या वाट्यास येतो. लहान म्हणतात, आधी सांगावयाचे होते, आम्ही दुसरा विहार नीट केला असता. मोठे विचारतात, विहार संघाचा आहे ना? होय. तर मग उठा. लहान म्हणतात, विहार मोठा आहे, तुम्हीही राहा, आम्हीही राहतो. यावर रागावून मोठे त्यांना मानेस धरून बाहेर काढतात.

‘विहार संघाचा आहे’ हे वाक्य खरे आहे. संघाच्या सामायिक मालकीचे हे उदात्त तत्त्व छब्बग्गियांच्या तोंडी येते, आणि लहानांना त्यांच्या श्रमाच्या फळातून हुसकून लावण्यास उपयोगी पडते. वाटून राहण्याची खरी सांघिक वृत्ती दाखवितात ती मुले. गटनिष्ठा ही बहुधा थोर तत्त्वाची भाषा बोलते, आणि म्हणूनच ती ओळखणे अवघड असते.

छब्बग्गियांच्या नावावरचे प्रत्येक वर्तन जसेच्या तसे घडले असेल का, अशी शंका इतिहासकारास येणे स्वाभाविक आहे. विनयाच्या संकलकांस नियमाचे निदान सांगण्यासाठी सोयीची पात्रे हवी असणार. तथापि आमच्या विवेचनास या शंकेने बाध येत नाही. संकलकांनी दुष्कृत्ये एखाद्या एकट्या दुष्टाच्या नावावर न घालता एका टोळीच्या नावावर घातली, हेच त्यांचे निरीक्षण होय. एकटा मनुष्य मुलाचे पात्र लपवून फार वेळ हसू शकत नाही. हसण्यास सोबत लागते.

पालीत ‘वग्ग’ असे दोन शब्द आहेत. एक संस्कृत ‘वर्ग’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ समूह. दुसरा ‘व्यग्र’पासून आला, त्याचा अर्थ विभक्त, अपुरा, आणि तो ‘समग्ग’ याच्या विरुद्ध उभा असतो. व्युत्पत्ती भिन्न असल्या तरी उच्चार एकच. ज्यांनी ‘छब्बग्गिय’ हे नाव ऐकले त्यांच्या कानांत दुसराही अर्थ वाजला असेल, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. तो सिद्ध करता येणार नाही. मात्र महावग्गातील एक नियम येथे आठवतो. छब्बग्गिय भिक्खू थेरांचे श्रामणेर फूस लावून आपल्याकडे ओढतात, आणि थेरांना दंतकाष्ठ व तोंड धुण्याचे पाणीही स्वतःच आणावे लागते. दुसऱ्याची परिषद फोडू नये, असा नियम मग केला जातो. मुलाला छळणारा गट मुलाला आपल्यात ओढूही पाहतो. आज छळला गेलेला उद्या गटात घेतला जातो, आणि परवा तोच दुसऱ्याचे पात्र लपवितो.

मराठीत ‘वर्ग’ या शब्दाने शाळेची खोलीही दर्शविली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात आपल्या बालपणीच्या शाळेची हकीकत दिली आहे. ते शाळेत गोणपाटाच्या वेगळ्या तुकड्यावर बसत. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तर इतर मुलांस गुरुजींची परवानगी पुरे होई. त्यांना मात्र नळ उघडून देणारा शिपाई लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. येथे कोणी छडी उगारलेली नाही. शिक्षक, शिपाई, नोकर यांतील प्रत्येक जण आपापल्या जातीच्या नियमाशी प्रामाणिक राहिला, आणि त्या प्रामाणिकपणातून एका मुलाची तहान घडविली गेली. वर्णव्यवस्था हा गटनिष्ठेचा आपल्या भूमीवरील सर्वांत जुना अभ्यासक्रम होय. त्याचे पहिले धडे बालवयातच, आणि बालकांच्याच अंगावर गिरविले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसले, त्या समाजाच्या विहारात तरी मुलाच्या रडण्याचा अर्थ वेगळा लावला जावयास हवा.

शिक्षेच्या मर्यादा आणि नियमातील उणीव

विनयात श्रामणेरास शिक्षाच नाही असे नव्हे. महावग्गात ‘दण्डकम्म’ आहे. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. श्रामणेर भिक्खूंशी उद्धटपणे वागू लागतात, तेव्हा ‘आवरण’ म्हणजे प्रवेशबंदीची मुभा दिली जाते. भिक्खू लागलीच संपूर्ण संघारामाचीच बंदी करतात. श्रामणेर निघून जातात, चीवर सोडतात, अन्य तीर्थिकांकडे वळतात. तेव्हा नियम होतो की, सबंध संघारामाची बंदी घालू नये. तो जेथे राहतो वा वावरतो तेवढ्याच जागेची घालावी. मग भिक्खू अन्नाची बंदी करतात. लोकांनी श्रामणेरांसाठी पेज-भोजन केलेले असूनही ते घेऊ शकत नाहीत. नियम होतो की, तोंडी जाणाऱ्या आहाराची बंदी करू नये. मग छब्बग्गिय उपाध्यायांस न विचारता शिक्षा करतात. आमचे श्रामणेर दिसत का नाहीत म्हणून उपाध्याय शोधीत फिरतात. नियम होतो की, उपाध्यायास विचारल्याविना आवरण करू नये.

या चार पायऱ्यांत शिक्षेचा अधिकार एकदाच दिला आहे आणि तीनदा आखडता घेतला आहे. पहिल्या दोन प्रसंगी अतिरेक करणारे छब्बग्गिय नव्हते, साधे भिक्खू होते, हे विशेष लक्षात ठेवावे. शिक्षा करण्याचा अधिकार हाती आला की चांगली माणसेही तो ताणतात, हे विनयाने गृहीत धरले आहे.

आता उणिवेकडे वळू, कारण ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रहाराविषयीच्या चौऱ्याहत्तराव्या नियमात भिक्खूने भिक्खूस मारल्यास पाचित्तिय आहे. उपसंपदा न झालेल्यास, म्हणजे ज्यांत श्रामणेर येतात अशांस, मारल्यास केवळ दुक्कट आहे. दुक्कट ही हलकी आपत्ती. जो सर्वांत लहान, त्याच्या अंगावरील प्रहाराचे मोल सर्वांत कमी ठरले. भिक्खुसंघाच्या अंतर्गत कायद्यात सदस्य आणि असदस्य असा भेद येणे समजण्यासारखे आहे. परंतु समजणे म्हणजे मान्य करणे नव्हे. दुसरी उणीव अशी की, नियमाच्या शब्दांत प्रहार करणारा ‘कुपित’ असावयास हवा. मग ‘मी रागावलो नव्हतो, त्याच्या हितासाठीच मारले’ असे म्हणणाऱ्याचे काय? तक्षशिलेचे आचार्य नेमके हेच म्हणतात. मुलाला मारणारा बहुतेक प्रत्येक शिक्षक व पालक हेच म्हणत आला आहे.

ही फट अट्ठकथेच्या ध्यानात आलेली दिसते. समन्तपासादिकेत दण्डकम्माचे विवेचन करताना पाणी, लाकूड, वाळू आणविणे यांसारखी कामे शिक्षा म्हणून मान्य केली आहेत, आणि तीही श्रामणेर सुधारावा या अनुकंपेने. तो नष्ट व्हावा वा चीवर सोडून जावा या पापबुद्धीने नव्हे. पुढे स्पष्ट सांगितले आहे की, दण्डकम्माच्या नावाखाली त्याला तापलेल्या दगडावर निजविणे, डोक्यावर दगड-विटा ठेवणे किंवा पाण्यात उतरविणे योग्य नाही. हेतू शुद्ध असला तरी शरीरास यातना देण्याची मुभा मिळत नाही, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. या निषेधांची यादी करावी लागली यावरून अशा गोष्टी कोठे ना कोठे घडत असाव्यात, हेही उघड आहे.

दोन आक्षेप

छडीचे समर्थक मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्ताचा आधार घेऊ शकतील. तेथे तथागत विचारतात की, बाळाच्या तोंडात काडी वा खडा गेला तर तू काय करशील? रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची अनुकंपा आहे, असे राजकुमार उत्तर देतो. परंतु येथे वेदना हा उपाय नाही. खडा काढणे हा उपाय आहे. वेदना टळली असती तर राजकुमारास आनंदच झाला असता. छडीत मात्र वेदना वगळली तर काहीच उरत नाही. शिवाय ते बाळ राजकुमाराच्या मांडीवर आहे, आणि त्याचे हात धरावयास दोन विद्यार्थी उभे केलेले नाहीत.

दुसरा आधार अंगुत्तरनिकायातील केसि सुत्ताचा. घोड्यांना वळण लावणाऱ्या केसीस तथागत सांगतात की, मीही काहींना मृदू, काहींना कठोर, काहींना दोन्ही मार्गांनी शिकवितो. परंतु कठोर म्हणजे काय, हे तेथेच सांगितले आहे : दुराचरण आणि त्याचे विपाक दाखवून देणे. कोणत्याच मार्गाने न वळणाऱ्याचा ‘वध’ म्हणजे त्याला उपदेश करण्यायोग्य न मानणे, एवढेच. घोड्याच्या उपमेतील चाबूक उपमेतच राहतो. अम्बलट्ठिकेत राहुलास असत्याविषयी शिकविताना त्यांच्या हाती भांड्यात उरलेले थोडे पाणी होते. मासे छळणारी मुले वाटेत दिसली तेव्हा त्यांनी विचारले की, तुम्हांस दुःखाचे भय वाटते ना? मुलांनी होय म्हटले, आणि उपदेश तेथूनच सुरू झाला. धम्मपदट्ठकथेने दण्डवग्गाच्या पहिल्या दोन गाथांना छब्बग्गियांनी सत्तरसवग्गियांस मारल्याची निदानकथा जोडली आहे, आणि लगेच पुढे काठीने साप मारणाऱ्या मुलांची. मोठ्यांच्या हातातील काठी लहानांच्या हाती आणि तेथून मुक्या प्राण्यावर, हा उतार त्या क्रमात आपोआप दिसतो.

आज काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ने शाळांत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली. छब्बग्गियांच्या वर्तनास आज ज्या नावाने ओळखतात, त्या रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला होता. परंतु २०१२च्या दुरुस्तीने, प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना शिक्षणहक्क अधिनियम लागू नाही, असे ठरले. तेथे मारण्याची मोकळीक आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ताब्यातील बालकाशी क्रूरपणे वागणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७५ अन्वये गुन्हा आहे. तथापि शाळेवर असणारी ती नित्याची देखरेख धार्मिक वर्गावर राहत नाही. म्हणून श्रामणेर शिबिर भरविणाऱ्यांस विनयाकडे जुना ग्रंथ म्हणून पाहून चालणार नाही. तेथे तो जिवंत कायदा असावयास हवा, आणि जेथे तो दुक्कट म्हणून थांबतो तेथे आपण थांबू नये. मुलाला अन्नाची बंदी नाही, पालक व उपाध्याय यांच्या नकळत शिक्षा नाही, शरीरास यातना नाही. आणि राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने कळवळून मागितल्याप्रमाणे आईवडिलांच्या अनुमतीविना प्रव्रज्या नाही. एवढे चार नियम प्रत्येक शिबिराच्या फलकावर लिहिता येण्यासारखे आहेत.

फलकाहून एक गोष्ट मात्र अवघड आहे. सुत्तविभंगातील या प्रसंगांत मुले रडतात, तेव्हा दुसरे भिक्खू त्यांना विचारतात की, आयुष्मानांनो, तुम्ही का रडता? मुले नावे घेऊन सांगतात. मग जे अल्पेच्छ भिक्खू असतात ते उघड नाराजी व्यक्त करतात आणि गोष्ट तथागतांच्या कानी घालतात. संघाची अब्रू जाईल, लोक काय म्हणतील, आपल्यातलेच आहेत, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. त्यांची निष्ठा संघावर होती, म्हणूनच ती छब्बग्गियांवर नव्हती. आपल्या समाजाने बाहेरून पुष्कळ आघात सोसले असल्यामुळे आतली गोष्ट आत ठेवण्याची सवय आपणांस लागली आहे. ती का लागली हे आम्ही जाणतो. परंतु त्या सवयीची किंमत मुलाने द्यावी, हे विनयास मान्य नाही. आपल्या विहारात पहाटे एखादे मूल रडताना ऐकू आले, तर त्याला गप्प करण्यापूर्वी कारण विचारावे, आणि त्याने आपल्यातल्याच कोणाचे नाव घेतले तरी ते ऐकून घ्यावे.